उखळ

आधी मला वाटलं, लाडात आलाय.
चीजघराच्या सात पायऱ्या
कारो मागचे दोन्ही पाय जोडून चढायचा,
सशासारखा, टुणटुण.
ट्रूबच्या शाळेतली पोरं टाळ्या पिटायची.
मीही हसले होते. हे आधी लिहून ठेवते.

मग गवतकापणीच्या दिवसांत
दुपारी सावलीतून उठताना
तो पुढचे पाय रोवायचा आणि थांबायचा,
मागचं अंग जसं दुसऱ्या कुणाचं आहे
आणि त्याची परवानगी अजून यायचीय.

लांगनाऊला डॉक्टर एश्लिमानबाईंनी भूल दिली,
उताणा केला, तंगड्या सरळ ओढून
गुडघे आत वळवले.
एवढं धूड, आणि जीभ बाजूला लोंबणारी.
मी त्याच्या कानाला धरून उभी राहिले होते,
तर मला बाहेर काढलं.

"हे बघा, फ्राउ त्सबिंडेन. हे उखळ.
खोल हवं. हे मांडीच्या हाडाचं डोकं,
गोल हवं, आत घट्ट बसायला हवं.
तुमच्या कारोचं उखळ म्हणजे
बशी आहे."

बशी.
चाळीस वर्षं चीज केलंय मी.
साच्यात सैल बसलेलं चाक
कसं कडेला झिजतं, मला सांगायला नको.
उखळात डोकं घातलं की मुसळाला भ्यायचं नसतं म्हणे.
इथे डोकंच उखळात टिकत नव्हतं,
पावलागणिक निसटायचं, काठाला घासायचं,
आणि हाड बिचारं त्या काठावर
रात्रंदिवस ओबडधोबड बांध घालत बसलेलं,
कुणी न सांगता.

"कशानं झालं?"
"थोडं रक्तातून," त्या म्हणाल्या, "थोडं ताटातून."

ताटातलं मला ठाऊक होतं.
पिल्लू असताना रोज संध्याकाळी
निवळीची बादली, वर सायीचा गोळा,
आणि दर रविवारी वजनकाटा:
रोझमारीच्या कुत्र्यापेक्षा दोन किलो जास्त!
मांस पुढे पळालं, हाडं मागे राहिली.
रक्तातलं मात्र

इथे मी गप्प झाले.
कारो देखणा. दोन खोरी ओलांडून
लोक आपल्या कुत्र्या घेऊन यायचे.
तेवीस पिल्लं.
छातीवरचा पांढरा पट्टा सरळ आहे ना,
एवढंच त्यांनी पाहिलं, एवढंच मी दाखवलं.

माझा डावा खुबा गेल्या मार्चपासून टायटॅनियमचा आहे.
विम्यानं पैसे दिले, शेजारणीनं सूप आणलं.
कारोला काय, तर
रोज तीन मुठी कमी खाणं,
फरशीवर रबरी चटई,
लोण्यात लपवलेली गोळी
(लोणी चाटतो, गोळी थुंकतो),
आणि पोटाखालून जुना टॉवेल;
त्याची दोन टोकं धरून मी त्याला अंगणात नेते.
दोघांत मिळून चार खुबे:
एक मूळचा, एक धातूचा, दोन बशा.
कोण कुणाला चालवतं, विचारू नका.

जानेवारीत तेवीस पत्रं लिहिली.
फोनवर माझ्याच्यानं झालं नसतं.
हाडांचा फोटो काढून घ्या.
जिना चढताना नीट बघा, ससा दिसतो का.
तोवर जोडी लावू नका.
चूक माझी आहे, हेही लिहिलं;
नवव्या पत्रापासून ते वाक्य वर घेतलं.

आठ उत्तरं आली. एक शिव्यांचं.
एका पाकिटात चिठ्ठी नव्हतीच, नुसती फिल्म:
शांगनाऊची एक कुत्री, कारोची लेक.
दोन्ही उखळं खोल,
डोकी अशी बसलेली
की मध्ये सुईही शिरणार नाही.

मी ती खिडकीच्या उजेडात धरून
कारोला दाखवली.
त्यानं हुंगली, शिंकला,
आणि दाराकडे पाहिलं:
टॉवेल कुठाय?